ओतीव की ठोकीव

धारला बाईसाहेबांकडे दात दाखवायला जाणाऱ्याला दोन गोष्टींची तयारी ठेवावी लागे. एक, आपल्या दातांबद्दल खरं ऐकण्याची. आणि दुसरी, तोंडात कापूस धरून, आ वासलेल्या अवस्थेत, कुणातरी तिसऱ्याच माणसाच्या नाण्यावरून चाललेला वाद निमूट ऐकून घेण्याची.

बाईसाहेब दातांच्या डॉक्टर. पण धार, कुक्षी, मनावर या गावांपासून थेट देवासपर्यंत जुनी नाणी जमवणारे जे लोक आहेत, त्यांच्यात त्या ‘सिक्केवाली मॅडम’ म्हणून ओळखल्या जात. इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात त्या बाजूच्या स्टुलावर बसलेल्याचं नाणं बघून घेत. खुर्चीवरचा दिवा पेशंटच्या तोंडावरून वळवून ट्रेवर आणत, कपाळावरची भिंगं डोळ्यांवर ओढत आणि नाणं कडेने दोन बोटांत धरून वाकत. मग पेशंटचा जीव दातात आणि नाणंवाल्याचा जीव नाण्यात, असे दोघे शेजारी शेजारी अडकून बसत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. पीथमपूरला औषधांच्या एका कारखान्यात, माल तपासणाऱ्या विभागात माझी नोकरी. शिफ्टची बस त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबायची, म्हणून ती खोली घेतली. माहेर देवासचं. आई पहिल्या दिवशी घर बघायला आली तेव्हा तिने आणि बाईसाहेबांनी आधी घराणी जुळवली. त्यांच्याकडचे दरबारात दप्तर सांभाळायचे, आमच्याकडचे घोडे, एवढं निघालं आणि आई निश्चिंत मनाने देवासला परतली.

बाईसाहेब ठेंगण्या, सडपातळ. बाग गावच्या छापाची सुती साडी, वर पांढरा कोट, आणि कपाळावर ती भिंगं. भिंगं काढायची त्या विसरत. भाजीबाजारातही तशाच जात आणि वांगी उचलून भिंगातून बघत. “मैडम, भटे हैं, हीरे नहीं,” असं भाजीवाला म्हणायचा. त्या म्हणायच्या, “कीड़ा भी छोटा ही होता है, भिया.” आमच्याशी बोलताना त्यांचं मराठी जुन्या वळणाचं असे. “आपण बसावं”, “चहा घेतल्याशिवाय निघू नये.” पेशंटशी हिंदी आणि माळवी. आणि रागावल्या की तिन्ही एकाच वाक्यात.

त्यांचा पहिला नियम दारातच लागू व्हायचा. नाणं घेऊन येणारा प्रत्येक माणूस बरोबर एक गोष्ट घेऊन येतो. पणजोबांना राजाने दिलं. नांगरताना सापडलं. आजी मरताना हातात ठेवून गेली. बाईसाहेब त्याला तिथेच थांबवत. “चपला बाहेर ठेवल्यात ना? गोष्ट पण तिथेच ठेवा. जाताना घेऊन जा.” त्यांचं म्हणणं, गोष्ट कानात गेली की डोळा तिच्या बाजूने बघायला लागतो. त्यांना स्वतःला हा नाद कसा लागला, हे मी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं. कधी सांगत सासऱ्यांमुळे, कधी सांगत एका पेशंटमुळे. मी हे त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, “बघ. म्हणून मी गोष्टी ऐकत नाही. माझीच धड नाही.”

दुसरं म्हणजे, ‘नकली’ हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. जुनी नाणी धातूच्या तुकड्यावर ठसा ठेवून, वरून घण मारून घडवलेली असत. ती ठोकीव. खोटं पाडणारा बहुतेक वेळा खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. ते ओतीव. एवढे दोनच शब्द त्या वापरत. “खोटा माणूस असतो. चांदीने काय केलं?” असं म्हणत. आणि ओतीव काम त्या ओळखणारच. दातावर बसवायच्या धातूच्या कॅप ओतूनच तयार होतात, आणि इंदूरच्या लॅबमधून आलेली प्रत्येक कॅप त्या भिंगाखाली घालून, निम्म्या परत पाठवत.

नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे हे सांगायला आता आकडे आहेत, सत्तरपैकी अमुक. बाईसाहेबांना आकडे मान्य नव्हते. त्यांच्या प्रती वेगळ्या. कोरं, घरचं, बाजारचं आणि झिजलेलं. घरचं म्हणजे पेटीत राहिलेलं, सणावारी हाताळलेलं. बाजारचं म्हणजे हजार हातांतून फिरलेलं. या चारांच्या खाली पाचवी प्रत होती, घासलेलं. त्यावर त्यांचा फार राग. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका लक्ष्मीपूजनाची चांदीची नाणी चिंच लावून लख्ख करायला बसत. बाईसाहेब घरोघर जाऊन सांगत, “अहो, दाताचं वरचं कवच गेलं की परत येत नाही, तसं हे आहे. देवीला मळ चालतो.” बायका हो म्हणत आणि त्या गेल्या की चिंच भिजवत.

स्वतःकडे मात्र एकही जुनं नाणं नव्हतं. मला आधी हे खरं वाटलं नाही. पण त्या म्हणाल्या, “मी दात काढते, ते घरी नेते का? मग नाणी का नेऊ?”

मनावरचा एक कापसाचा व्यापारी त्यांच्याकडे यायचा, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. तो सोन्याची एक मोहोर घेऊन आला तेव्हा मी खालीच होते. गोष्ट बाहेर ठेवायला तो तयार नव्हता. “मैडम, इसकी कहानी तो सुन लो, तभी समझ में आएगा.”

“कहानी के दाँत में दर्द है क्या?”

“नहीं, पर...”

“तो फिर मैं क्या देखूँ उसका? सिक्का दो.”

बघून झाल्यावर म्हणाल्या, ढला हुआ है. हिंदीत ओतीवला त्या ढला हुआ म्हणत. तो चिडला. इंदूरच्या मोठ्या लोकांनी खरं ठरवलंय म्हणाला. “फिर तो इंदौर में ही रखो, वहाँ असली है,” बाईसाहेब म्हणाल्या. तो तणतणत उठला. दारापर्यंत गेला, गाल दाबून थांबला, आणि परत येऊन खुर्चीत बसला, कारण दाढ खरंच दुखत होती. त्याची रूट कॅनॉल त्यांनी अगदी हळुवार हाताने केली.

हे सगळं बघायला मला फार आवडे. आमच्या कारखान्यात औषधाचा एखादा नमुना नापास झाला, तर लगेच माल फेकत नाहीत. दुसऱ्याने तो पुन्हा तपासायचा असतो. बाईसाहेबांकडे तशी सोय नव्हती. त्या एकदा बोलल्या की संपलं. आणि गंमत अशी की लोकांनाही ते तसंच हवं होतं. इतक्या ठाम बोलणाऱ्या बाईचं बरोबरच असणार, असं सगळे धरून चालत. मीही.

माझे मामा देवासला राहतात, टेकडीच्या पायथ्याशी. बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनाही नाण्यांचाच नाद. देवासमध्ये अशा लोकांचं एक मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी एका शाळेच्या वर्गात ते जमतात. तिथे मामांचा शब्द चाले. कुणी काही नवीन आणलं की आधी मामांपुढे ठेवायचं. मामा जुन्या फारसी लिपीतली अक्षरं वाचायला शिकले होते, त्याचा त्यांना मोठा अभिमान. बाईसाहेबांना ती अक्षरं येत नव्हती. या दोघांची भेट घडवून आणावी, असं माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं.

मग मामांना एक टंका मिळाला. मांडवच्या सुलतानांच्या काळात चांदीची चौकोनी नाणी पडत, त्यातलं एक. उज्जैनच्या एका जुन्या स्नेह्याशी बऱ्याच नाण्यांची अदलाबदल करून त्यांनी ते मिळवलं. हल्ली नाणी पारखून देणाऱ्या कंपन्या निघाल्यात, तशा एका कंपनीकडे पाठवलं. ते लोक खरं-खोटं ठरवतात, अवस्थेचा आकडा देतात आणि नाणं कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबी फोडली की आकडा गेला. मामांच्या टंक्याला भरघोस आकडा मिळाला. मामांनी पेढे वाटले, आणि मंडळातल्या दोघांना बरोबर घेऊन मोठ्या उत्साहाने धारला आले.

“बाईसाहेब, याची हकिकत अशी की...” मामांनी सुरुवात केली.

“हकिकत बाहेर, भाऊसाहेब.” मामा हसले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

बाईसाहेबांनी डबी दिव्याखाली धरली. तिरकी करून दोन्ही बाजू पाहिल्या. मग विचारलं, “हे डबीतून काढता येईल का? मला कड बघायची आहे.”

“डबी फोडली तर ग्रेड जाईल. आपल्याला ठाऊकच आहे.”

“मग जेवढं दिसतंय तेवढ्यावर बोलते. ओतीव आहे.”

मामांना वाटलं त्या थट्टा करताहेत. बाईसाहेबांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. “अक्षरांच्या मधल्या जागेत हे बारीक दाणे दिसतात? मोहरीपेक्षाही लहान. साच्यात हवेचा बुडबुडा अडकतो, त्या पोकळीत धातू शिरतो आणि असा दाणा उठतो. कॅपवर मी हे रोज बघते.”

“कंपनीने मशीनवर तपासलंय हो.”

“मशीनने चांदी तपासली. चांदी आहेच. ती घडली कशी, हा प्रश्न आहे.”

मंडळातले दोघे एकमेकांकडे बघत होते. मामांनी डबी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मी चहा आणला होता, तो तसाच राहिला. बसपर्यंत पोचवायला गेले तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “तुझी घरमालकीण दात चांगले काढत असेल.”

ते देवासला पोचायच्या आधी बातमी मोबाइलवरून पोचली होती. मंडळ फुटलं वगैरे नाही, पण लोक मामांकडे नाणी आणेनासे झाले. जो स्वतःच फसला तो आपलं काय बघणार, असा सरळ हिशेब. मामांनी हळूहळू बैठकीला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणत. मामीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “गुडघ्यांना काही झालेलं नाही गं. टेकडी चढून येतात रोज.” मी दिवाळीला गेले की मामा माझ्याशी सगळं बोलत, पण धारचा विषय निघाला की पेपर उघडत. इकडे बाईसाहेब मधूनच विचारत, “मामा बरे आहेत ना?” मी बरे आहेत म्हणे.

असं दोनेक वर्षं चाललं.

माझी सुट्टी होती त्या दिवशी. खालून बाईसाहेबांची हाक आली, “खाली ये जरा. आणि मामांच्या नाण्याचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर घेऊन ये.”

खुर्चीत एक म्हातारी आदिवासी बाई बसली होती, बाग गावाच्या पलीकडच्या कुठल्याशा पाड्यावरची. गाल सुजलेला, तोंडात कापूस. दात काढून झाला होता. बाजूला तिची सून उभी. म्हातारीच्या गळ्यात रुपयांची माळ होती, इंग्रज राणीच्या आणि राजाच्या शिक्क्याचे जुने रुपये, प्रत्येकाला कडी डाग देऊन बसवलेली. आणि मधोमध एक चौकोनी नाणं. झिजलेलं, कोपरे गोल झालेले. दात काढताना दिवा गळ्यावर पडला, तेव्हा बाईसाहेबांना ते दिसलं होतं. दात निघेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

“फोटो दाखव.” त्यांनी मोबाइल म्हातारीच्या गळ्याजवळ धरला. “या अक्षराच्या पोटात दोन दाणे. इथे बघ, दोन. या वेलांटीच्या टोकाशी एक. इथे पण. झिजलेत, पण जागा त्याच.”

“म्हणजे दोन्ही एकाच साच्यातली?” मी म्हटलं. “दोन्ही ओतीव?”

“मलाही आधी तेच वाटलं. पण नीट बघ. मामांच्या नाण्यावर खालची ओळ अर्धी कापली गेलीय. या नाण्यावर खालची पूर्ण आहे आणि वरची कापलीय. एका साच्यातून निघालेल्या वस्तू सारख्याच जागी कापलेल्या असतात, जत्रेतल्या मातीच्या गणपतींसारख्या. इथे ठसा मोठा होता, चांदीचा तुकडा लहान. ठोकणाऱ्याने एकदा जरा वर ठोकला, एकदा जरा खाली.” त्या स्टुलावर बसल्या. “ठसा गंजला होता गं. गंजाने त्याला बारीक खड्डे पडले. त्या खड्ड्यांत चांदी शिरली आणि दाणे उठले. मी बुडबुडे म्हटलं. तो गंज होता.”

सुनेला वाटलं, यांना माळ विकत हवी आहे. ती पुढे आली. “बाई, यो देणो नी हे. सासू की सासू को हे.”

“लेना नहीं है,” बाईसाहेब म्हणाल्या. “सिर्फ छाप लेनी है. दाँत की लेते हैं वैसी.”

म्हातारीने कापूस सावरत सुनेला काहीतरी सांगितलं. सून हसायला लागली. “के री हे, बाई बावळी हुई गी कई. दाँत मूँडा में रे हे, गळा में नी.”

पण तिने मान वर केली. बाईसाहेबांनी दातांचं माप घेतात तो गुलाबी लगदा कालवला, म्हातारीच्या गळ्याखाली रुमाल लावला आणि माळ न काढता, त्या नाण्याच्या दोन्ही बाजूंची मापं घेतली. त्यात प्लास्टर ओतलं. ते वाळल्यावर नाण्याची दोन पांढरी रूपं तयार झाली, दाण्यांसकट.

मी मोबाइल घेऊन मामांना फोन लावणार, तर बाईसाहेबांनी माझा हात धरला. “फोन करू नकोस. मी चारचौघांत बोलले होते. आता घरात बसून कसं निस्तरू?”

मी मामीला फोन केला. मामी म्हणाली, “रविवारी बैठकीला मी त्यांना आणते. कारण विचारू देणार नाही.”

बाईसाहेबांनी दवाखाना बंद ठेवला आणि आम्ही बसने देवासला गेलो. प्लास्टरचे तुकडे कापसात गुंडाळून डब्यात ठेवले होते आणि तो डबा त्यांनी धारपासून देवासपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. वर्गात पंधरा-वीस माणसं होती, मुलांच्या बाकांवर कशीबशी मावलेली. मामा मागच्या बाकावर, मामी शेजारी. आम्हाला बघून मामा उठायला लागले. मामीने त्यांची बाही धरली.

बाईसाहेब फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मंडळातले बरेच हिंदी बोलणारे, म्हणून त्या हिंदीत बोलल्या. “दो साल पहले मैंने इनके टंके को ढला हुआ कहा था. जो कारण बताया था, वो ग़लत था.” मग त्यांनी खडूने ठसा काढला, गंजाचे खड्डे काढले, ठसा खाली-वर कसा सरकला ते काढलं. प्लास्टरचे तुकडे सगळ्यांच्या हातांतून फिरले.

मग पुढच्या बाकावरच्या औषधाच्या दुकानवाल्याने विचारलं. धारला मामांबरोबर आलेल्या दोघांतला तो एक. “मतलब असली है. इतना ही ना, मैडम?”

“ये मैंने नहीं कहा.”

वर्गात चुळबुळ झाली. मलाही वाटलं, आता कशाला ताणायचं, म्हणून टाकावं खरं. पण त्या खडू हातात धरून तशाच उभ्या. “ठसा खरा होता, हे नक्की. पण खऱ्या नाण्याचा साचा घेऊनही कुणी ओतू शकतो. मी तेव्हा कड न बघता बोलले, ही माझी खरी चूक. तीच पुन्हा करू का?” हे त्या मराठीत बोलल्या, आणि मागच्या बाकाकडे बघून बोलल्या.

मामा हसले. त्यांच्या चेहऱ्यावर तसं हसू मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. ते उठून पुढे आले, खिशातून डबी काढली. ती ते अजून जवळच बाळगत होते, हे मामीलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी एका पानखाऊ म्हाताऱ्या सभासदाला अडकित्ता मागितला.

“साहब, ग्रेड चली जाएगी,” दुकानवाला म्हणाला.

“जाने दो.”

डबीचा एक कोपरा अडकित्त्यात धरून मामांनी दाबला. कडकन आवाज झाला. मग दुसरा कोपरा. प्लास्टिक उकललं आणि नाणं त्यांनी बाईसाहेबांच्या तळहातावर ठेवलं. “घ्या. कड बघा.”

त्या खिडकीशी गेल्या. भिंगं खाली ओढली. चारही कडा हळूहळू फिरवून पाहिल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. इतका वेळ की मामीने मला विचारलं, बसायला खुर्ची देऊ का. शेवटी त्या मामांजवळ आल्या आणि नाणं त्यांच्या हातात देत म्हणाल्या, “छिन्नीने कापल्याच्या खुणा आहेत. आणि घण बसला तेव्हा इथे कड फाटलीय. ओतलेली चांदी अशी फाटत नाही. ठोकीव आहे.”

मामांनी चष्मा काढून पुसला. मग प्लास्टरचा तुकडा उचलून नाण्याशेजारी ठेवला आणि जी ओळ त्यांच्या नाण्यावर कापली गेली होती, ती बोट ठेवून वाचायला लागले. बाईसाहेब त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. “वाचा मोठ्याने,” त्या म्हणाल्या, “मला येत नाही.”

लोक पुन्हा मामांकडे नाणी आणू लागले. मामांचे गुडघे बरे झाले. पुढे ते धारलाही येऊ लागले, अक्षरांचा वाद असला की बाईसाहेबच बोलावून घेत. प्रतींवरून मात्र त्यांचं कधीच पटलं नाही. त्या घरचं म्हणाल्या की मामा बाजारचं म्हणत, आणि खुर्चीतला पेशंट दोघांकडे आळीपाळीने बघे.

पण देवासच्या त्या वर्गातच, आम्ही निघताना, एकाने दारात गाठून विचारलं होतं, “मैडम, फिर बाकी जिनके सिक्के आपने दानों की वजह से ढले हुए बताए, उनका क्या?” दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर बाईसाहेबांनी हिंदी-मराठीत कागद लावला. ज्यांची नाणी मी दाण्यांमुळे ओतीव ठरवली, त्यांनी ती पुन्हा आणावीत, माझी चूक झालेली असू शकते. मी म्हटलं, एवढं लिहायला हवं का, लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, “म्हणू देत. वाचता आलं पाहिजे त्यांना, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

लोक म्हणालेच. सिक्केवाली मॅडमला आता दिसत नाही, असं बाजारात बोललं गेलं. नवीन लोक येणं कमी झालं. जुने मात्र येत राहिले, आपापली पुडी घेऊन. बहुतेक नाणी तेव्हाही ओतीव होती आणि आताही ओतीवच निघाली. मनावरचा व्यापारी आशेने आला. “अब भी?” त्याने विचारलं. “अब भी,” त्या म्हणाल्या. पण थोडी ठोकीव निघाली. ज्यांची निघाली त्यांना त्या हात जोडत.

आणि धारमधलाच एक नमकीनवाला आला, हात हलवत. त्याच्याकडेही तसाच एक चौकोनी तुकडा होता. बाईसाहेबांनी ओतीव म्हटल्यावर त्याने तो सराफाकडे आटवला आणि नातीसाठी पैंजण करून घेतले. तक्रार करायला तो आला नव्हता. कागद वाचला, म्हणून सांगायला आला होता. “अब क्या, मैडम. जो था सो था,” म्हणाला आणि शेवेची पुडी ठेवून गेला.

त्या संध्याकाळी बाईसाहेबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. तो गडबडून गेला, खुर्ची पुसून दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. बाईसाहेब म्हणाल्या, “बच्ची कहाँ है?” चार-पाच वर्षांची पोर आतून आली, अनोळखी माणसं बघून परत आत पळाली, मग आजोबांनी बोलावल्यावर पुन्हा बाहेर आली, आणि मग धीर येऊन ओट्यावरून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत धावायला लागली. बाईसाहेबांनी तिला जवळ बोलावलं नाही. भिंगं डोळ्यांवर ओढली नाहीत. चहाचा कप हातात धरून त्या नुसत्या पैंजण ऐकत बसल्या. चहा निवला तरी बसल्या होत्या.

परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्या थांबल्या.

“ते काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “चांदी चांगली होती गं.”